पायधुणीचा दगड

"पाय धुतलेस का गं?"

आण्णांचा हा आवाज अजून माझ्या कानात आहे. माणूस दिसायचा नाही, नुसता आवाज यायचा, पानमळ्याच्या आतल्या हिरव्या काळोखातून. कवाड कुरकुरलं की आतून विचारणा व्हायची. घरची लेक असो, पाहुणा असो, पानाचा व्यापारी असो, सगळ्यांना एकच सवाल. "धुतले" म्हटलं की मग म्हणायचे, "ये."

कवाडापाशी एक काळा चपटा दगड होता. पिढ्यान्‌पिढ्यांच्या टाचांनी झिजून त्याला मधोमध बशीएवढा खळगा पडला होता. विहिरीच्या पाण्याचा पाट त्याला खेटून वाहायचा. चपला बाहेर काढायच्या, दगडावर उभं राहायचं, पाटातलं पाणी पायावर घ्यायचं, टाचेवर टाच घासायची आणि मगच आत पाऊल टाकायचं. दगडावरचं पाणी निथळून पुन्हा पाटात जायचं आणि पाट मळ्यात शिरायचा, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, सापासारखा वळत वळत. नागवेल सोवळी. तिला बाहेरची धूळ खपत नाही, असं आम्ही मानायचो.

मी सतरा वर्षांची होते. गाव मिरजेच्या बाजूचं, पानमळ्यांचं. आई मागेच गेली होती. घरात आण्णा, घर चालवणारी त्यांची थोरली विधवा बहीण म्हणजे आमची आत्या, भूपालदादा आणि आठ महिन्यांपूर्वी लग्न होऊन आलेली रत्नावैनी. वैनी जत्तकडची, कोरड्या मुलखातली. तिच्या गावी सावली म्हणजे भिंतीची, नाहीतर ढगाची. पहिल्यांदा मळ्यात आली तेव्हा दोन्ही हात पुढं करून चालली, आंधळ्यासारखी.

"वन्सं, हितं दिवस उगवतो कुठनं ओ?"

"उगवतच नाही," मी म्हटलं. "उगवला तर पानं करपतात."

"अगं बाई! म्हंजी ह्यांच्यापायी सूर्यालासुद्धा बाहेर काढलंय?"

मग हळूहळू तिला मळा आवडायला लागला. आधाराला लावलेल्या शेवरीच्या खोडांना लव्हाळ्याच्या पात्यांनी वेल बांधायला ती माझ्याआधी शिकली. बांधता बांधता गुणगुणायची. एक ओवी तिनंच जुळवली होती:

नागवेली बाई, तुझ्या पायात गं पाणी
कोण आलं कोण गेलं, सांग माझ्या कानी

ओवी म्हणून झाली की ती खरंच पानाला कान लावायची आणि हसायची.

त्या साली श्रावणात ओढ्यापलीकडचा तात्यांचा मळा गेला. तात्या म्हणजे आण्णांचे धाकटे भाऊ. महिन्याभरात अख्खा मळा उभ्या उभ्या वाळला आणि तात्यांनी अंथरूण धरलं.

"बघायला तरी जावं माणसानं," आत्या चुलीपुढून म्हणाली. "मळा गेला म्हंजी घरातलं माणूस गेलं. पाठचा भाऊ हाय तुजा."

"त्या मातीला माझा पाय लागणार न्हाई, आक्का. तुला ठावं हाय."

"शपथ घेतलीस ती सात वर्सामागं. सोड की आता."

आण्णा उठून गेले. पाण्याच्या पाळीवरून दोघा भावांचं वाजलं तेव्हा मी दहा वर्षांची होते. मला पाणी आणायला पिटाळलं होतं. परत आले तोवर तात्या निघून गेले होते आणि आण्णा एक पान चुरगाळत बसले होते. शपथेचे शब्द काय होते ते मला कुणी सांगितलं नाही.

भादव्यात एक दिवस ओढ्यावर धुणं धुताना काकी भेटल्या, तात्यांची बायको. भावाभावांचा अबोला असला तरी धुण्याच्या दगडावर आम्हा बायकांचं बोलणं चालूच असायचं. काकींनी पिळा हातातच धरला आणि आवाज खाली आणला.

"राजू, आमच्या मळ्यात कोण तरी येतंय गं."

"कोण?"

"दिसत न्हाई. ह्यांना ताप, गडी कुणी न्हाई. मेल्याला मळा तसाच हुबा हाय. पर रोज तिसऱ्या पारी जावं, तर दोन-चार वेल उपटून ठेवल्यालं असत्यात. मुळासकट. आन् टाकून दिल्यालं न्हाई. वर्साच्या उतरणीला कसं आपण वाढल्यालं वेल खाली घिऊन येटोळं घालतो, तसं येटोळं घालून. एकावर एक."

"तात्याच उठून जात असतील."

"त्यांना कूस वळवंना." काकींनी पिळ्यातलं उरलंसुरलं पाणी काढलं. "मेल्यालं कोण एवढ्या मायेनं गुंडाळतंय? मी तर आता एकटी जातच न्हाई."

घरी आले ती थेट परसात गेले. वैनीला सांगितलं. ती त्या दिवसांत बाजूला बसली होती, परसातल्या छपराखाली, आपली वाकळ घेऊन. ऐकून म्हणाली, "मायेचं भूत असंल तर बरंच की ओ. आमच्याकडं कुणी जित्यालाबी गुंडाळत न्हाई."

दुसऱ्या दिवशीची दुपार. पाऊस उघडला होता, ऊन चटचटत होतं. दादा बाजारला गेला होता. आण्णा जेवून मळ्यातल्या खोपीत पडायला गेले होते, रोजच्यासारखे. आत्यानं मला पानं आणायला धाडलं.

कवाडापाशी आले आणि थबकले. दगड ओला होता. दगडापासून कवाडापर्यंत ओली पावलं उमटली होती, मोठी, पुरती बोटं उठलेली. मी बघत होते तोवर पहिलं पाऊल कडेनं सुकत गेलं, टाच राहिली, मग तीही गेली. कुणीतरी आत्ता, माझ्या दोन श्वास आधी, आत गेलं होतं.

मी कवाड लोटलं. ते कुरकुरलं.

आतून आवाज आला नाही.

जन्मात पहिल्यांदा मला मळ्यानं काही विचारलं नाही. मी आत पाऊल टाकलं आणि हाक मारली, "आण्णा?" माझाच आवाज पानांनी गिळून टाकला. मग दोन ओळी पलीकडं पानं हलली. वारा नव्हता. पानं एका ठिकाणी हलली, थांबली, मग पुढं हलली, पुन्हा थांबली. कुणीतरी चालत होतं आणि मी थांबले की तेही थांबत होतं.

"वैनीऽऽ!"

मी कुणाला हाक मारतेय, ती कुठे बसलीय, कशासाठी बसलीय, याचं मला भान नव्हतं. वैनी धावत आली. परसातून थेट, दगड ओलांडून, पाय न धुता. येऊन तिनं मला पोटाशी धरलं.

"काय झालं वन्सं? जनावर दिसलं का?"

आम्ही बाहेर पडलो तर कवाडात आत्या उभी.

"रत्ने," ती म्हणाली. एवढंच नाव, आणि वैनीचा हात माझ्या खांद्यावरून गळून पडला.

सहाव्या दिवशी पहिला वेल गेला.

आदल्या दिवशीपर्यंत तुकतुकीत होता. सकाळी बघितलं तर सगळी पानं देठातून वाकलेली, कानकोंडी होऊन खाली बघणारी. पिवळी पडली नव्हती, करपली नव्हती. हिरवीच होती, पण त्यातला जीव गेला होता. बुडाशी हात लावला तर खोड काळं, बुळबुळीत. वास सडलेल्या मासळीचा.

दुसऱ्या दिवशी शेजारचा. मग त्याच्या शेजारचा. मधला एकही सुटत नव्हता. ओळ संपली की वळणावरून दुसऱ्या ओळीत. जणू कुणीतरी रोज एक पाऊल टाकत मळ्यातून चाललं होतं, आणि ज्याच्यापाशी थांबेल तो मान टाकत होता. रोज सकाळी उठून आम्ही ते कुठवर आलं ते बघायला जायचो.

मी एकदाच धीर केला. आण्णा खोपीपाशी लव्हाळा भिजत घालत होते.

"आण्णा, त्या दिवशी दगडापाशी पाय उमटले होते. ओले."

त्यांचा हात पाण्यात थांबला. "कुणाचे?"

"माहीत नाही. मोठे होते. आत जाणारे."

त्यांनी लव्हाळा पाण्याखाली दाबला. मग म्हणाले, "कुणाला सांगू नको, राजू."

मला वाटलं, मला भीती वाटू नये म्हणून म्हणाले. मी कुणाला सांगितलं नाही.

आत्याला मात्र सांगायला काही उरलंच नव्हतं. तिला सगळं ठाऊक होतं. "विटाळाची आत शिरली. पाय न धुता शिरली. जत्तच्या रानातलं तापलेलं वारं घिऊन आली आन् लावलं माझ्या वेलींना."

"हाक मी मारली होती, आत्या," मी म्हटलं.

"हाक मारली म्हणून काय झालं? हिरीतनं हाक आली तर उडी टाकंल का?"

वैनीनं एकदाच तोंड उघडलं. "आत्याबाई, मी काय फुकणी हाय व्हय, फुंकलं की मळा जळायला?" आणि मग आण्णांकडं वळून, पदर सावरून म्हणाली, "आण्णा, तुमीच सांगा. माझ्यामुळं झालं का?"

आण्णा खांबाला टेकून उभे होते. त्यांचे ओठ हलले. आम्ही सगळे वाट बघत राहिलो. पण ते काही न बोलता बाहेर गेले, आणि घरात त्या गप्प राहण्याचा एकच अर्थ लावला गेला.

दोन दिवसांनी वैनीला माहेरी धाडलं. दादा तिची पेटी घेऊन पुढं चालला. ती दगडापाशी थांबली, त्याच्यावर उभी राहिली आणि सावकाश पाय धुतले.

"आता कशाला?" मी विचारलं.

"हितली माती हितंच ऱ्हाऊ दे वन्सं. उगं चोरीचा आळ नको."

ती जाईल तर मळा सावरेल, असं आत्या म्हणत होती. मळा सावरला नाही. आता दिवसाला निम्मी-निम्मी ओळ जायला लागली. चौथ्या ओळीत शिरलं, पाचव्या ओळीत शिरलं. आत्यानं दसऱ्याच्या आत दादासाठी दुसरी सोयरीक बघायचं काढलं. दादा अर्ध्या ताटावरून उठायचा.

शेवटी दादानंच शेतीशाळेतून एका साहेबांना आणलं. किडकिडीत, तरुण, खांद्याला कापडी पिशवी. आडनाव मुळे.

"मुळे व्हय?" आत्या म्हणाली. "मग मुळातलंच सांगशील बाबा."

"सांगतो की," ते हसले. आण्णांनी आतून विचारायच्या आधीच त्यांनी बूट काढले होते.

त्यांनी अर्धमेल्या वेलाच्या बुडाची माती बोटांनी उकरली, काळं खोड कापलं आणि त्याचा तुकडा काचेच्या पेल्यात, पाण्यात लटकता धरला. आम्ही सगळे भोवती उभे होतो. "यातून दुधासारखा धागा खाली उतरला तर रोग जिवाणूचा," ते म्हणाले. आम्ही श्वास धरून बघत राहिलो. पाणी स्वच्छ राहिलं. मग त्यांनी भिंग काढलं, कापलेली कड बघितली, पान उजेडात धरून मागून-पुढून बघितलं.

"आजी, माणसाला ताप येतो तो काही एकाच कारणानं येतो का? झाडाचंही तसंच. कधी जिवाणू असतो, कधी विषाणू असतो, तो मावा-तुडतुड्यांच्या सोंडेतून येतो. कधी तर कुणीच नसतं, नुसतं मुळाशी पाणी तुंबतं आणि झाड गुदमरतं. इथं आहे ती बुरशी. मातीत राहते."

"आमच्या मातीत कधी नव्हती," दादा म्हणाला.

"नसेल. रोगाला तिघं जमावी लागतात. एक खाणारं, एक खाल्लं जाणारं, आणि खाणाऱ्याला मानवेल असं हवापाणी. ओल, सावली आणि वेल तुमच्याकडं होतेच. दोघं जमून बसलेली होती. तिसरं कुणीतरी आणून सोडलं." त्यांनी पाटाकडं बोट केलं. "हिची पिल्लं पाण्यात पोहतात. शेपट्या असतात त्यांना. आपल्याला दिसत नाहीत."

मी पाटात बघितलं. पाणी नितळ होतं. तळाचे खडे दिसत होते. मी दोन पावलं मागं सरले.

"मग ती चालत आली व्हय हितवर?" आत्यानं विचारलं.

"तिला पाय कुठले, आजी? पाय ती आपले वापरते. रोगट मळ्यातली चिमूटभर ओली माती पुरते. नखात राहते तेवढी."

आत्याचा चेहरा उजळला. "मग ते न्हवं. आमच्यात पाय धुतल्याबिगर कुणी आत येत न्हाई."

"कुठं धुता?"

आत्यानं अभिमानानं दगड दाखवला.

मुळे साहेब दगडावर जाऊन उभे राहिले. ओंजळभर पाणी त्यांनी स्वतःच्या पायावर ओतलं आणि त्या पाण्यामागून बोट फिरवत गेले. दगडावरून पाटात, पाटातून पहिल्या ओळीत, मेलेला पहिला वेल, दुसरा, तिसरा, वळणावरून पुढची ओळ. जे रोज सकाळी एकेक पाऊल पुढं सरकत होतं, त्याची सगळी वाट त्यांनी आमच्यासमोर बोटानं चालून दाखवली.

"म्हणजे पायावरनं जे उतरतं," ते म्हणाले, "ते सगळं वेली पितात."

आत्यानं दगडाकडं बघितलं, मग पाटाकडं.

"जवळपास कुणाचा मळा गेलाय?"

"ओढ्यापलीकडचा," दादा म्हणाला. "पण तिकडचं इकडं कुणी येत नाही. सात वर्षं झाली."

"कुणीतरी आलंय. एकदा नाही, बऱ्याचदा. पंधरा-वीस दिवसांमागं."

"सून शिरली हुती," आत्या म्हणाली.

"ती त्या मळ्यात गेली होती?"

"न्हाई. परसातनं आली."

"मग सुनेचा काय संबंध?"

मी आण्णांकडं पाहिलं. ते आपल्याच पायांकडं बघत होते. ते पाय आपले नव्हेत, दुसऱ्या कुणाचे तरी खाली येऊन उभे राहिलेत, असं बघत होते.

साहेब सांगून गेले. मेलेले वेल खणून जाळा, पाट तोडून प्रत्येक ओळीला पाणी वेगळं द्या, उरलेल्या बुडांना मोरचूद-चुन्याचं पाणी घाला, आणि पाय धुवायची जागा मळ्यापासून लांब न्या. संध्याकाळी आत्या चुलीपुढं म्हणाली, "बुरशी म्हणा न्हाईतर विटाळ म्हणा. तिला वाट कुणी दावली? ज्यानं दावली त्यो तोंड उघडंना, तवर माझ्या लेखी रत्नीच. परवा मालगावची माणसं बोलणीला येणार हाईत." आण्णांनी भाकरी मोडली होती, ती तशीच ताटात राहिली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यांनी मला उठवलं. "राजू, लुगडं नेस. जत्तला जायचंय."

दादा अंगणात पिंपात मोरचूद ढवळत होता. कोपरापर्यंत हात निळे. आम्ही निघालो तरी त्यानं वर बघितलं नाही, पण ढवळणं थांबलं होतं.

पानमळेवाला पाहुणा जातो तेव्हा त्याच्या काखेत पानांचा पुडा असतो. त्या दिवशी आण्णा रिकाम्या हातानं एसटीत बसले. खिडकीबाहेर हिरवं संपलं, ऊस संपला, मग नुसती उघडी रानं आणि बाभळी. त्या उजेडात आण्णा मला पहिल्यांदाच फार म्हातारे दिसले.

वैनीचं घर गावाच्या कडेला, दोन खणांचं. घरातली माणसं रानात गेली होती. दारात एका काठीवर दोडक्याचा वेल चढवला होता, धुळीनं माखलेला, पण दोन पिवळी फुलं धरलेला. चाहूल लागली तशी वैनी बाहेर आली. आम्हाला बघून थबकली, आत गेली, आणि तांब्या घेऊन आली. आल्यागेल्याचं पायधुणं तिथं त्या वेलाच्या बुडाला जायचं. आळं तेवढंच ओलं होतं.

"पाय धुवा, आण्णा," ती म्हणाली.

आण्णा पुढं झाले नाहीत. उलट दोन पावलं मागं सरले, रस्त्याच्या फुफाट्यात जाऊन उभे राहिले.

"तिथं नको पोरी. वेलापाशी नको."

वैनी तांब्या धरून तशीच उभी. मी तिच्या डोळ्यांत बघू शकत नव्हते.

"तात्या अंथरुणाला खिळला," आण्णा म्हणाले. "मळा मेल्याला, आन् तसाच हुबा. ती वेल आमी दोघांनी लावली हुती, मिसरूड फुटायच्या आधी. मला बघवंना. दुपारचं सगळी निजली की ओढ्यातनं जायचो. चार वेल उपटायचो, नीट येटोळं करून ठिवायचो, यायचो. बारा-तेरा दिस गेलो. येऊन दगडावर धुवायचो."

त्यांनी फुफाट्यातले आपले पाय एकदा बघितले.

"शपथ काय हुती ठावं हाय? पानावर हात ठिवून म्हणलो हुतो, तुझ्या मळ्याची माती माझ्या पायाला लागली तर माझा मळा जळून जाऊ दे. पयल्या वेलीनं मान टाकली तवाच मला कळलं. सायेब म्हणतोय बुरशी. असंल. मला त्यातलं काय कळत न्हाई. राजूनं पावलं बघितली, तिचंबी तोंड मीच बंद केलं. आन् तू मला भरल्या घरात इचारलंस, माझ्यामुळं झालं का."

तांब्या वैनीच्या हातात कलला होता. पाण्याची धार तिच्याच पायावर पडत होती आणि तिला कळत नव्हतं.

"आक्काला सांगणार हाय, भूपालला सांगणार हाय. त्याच्या कवाडात हुबा ऱ्हाऊन तात्यालाबी सांगणार हाय. पर आदी तुला." आण्णांनी हात जोडले. "तू न्हवंस, पोरी. पाय माझे हुते."